प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा (मुष्टियुद्ध)

व्यावसायिक मुष्टियुद्धातील जगज्जेत्याची थोरवी ठरवताना त्याने कोणाला, आणि तो प्रतिस्पर्धी कोणत्या अवस्थेत असताना, हरवले हे पाहणारा निकष. विजयांची संख्या एवढ्यासाठी पुरत नाही, कारण लढती बहुधा प्रवर्तक आणि व्यवस्थापक यांच्या वाटाघाटींतून ठरतात. जो लुईसने १९३७ ते १९४९ या काळात हेवीवेट (सर्वांत जड वजनगट) विजेतेपद २५ वेळा राखले; मात्र १९४०-४१ मधील त्याचे बरेच आव्हानवीर दुय्यम असल्याची टीका तेव्हाच्या वृत्तपत्रांनीच केली. याच काळात, जून १९४१ मध्ये, बिली कॉन तेराव्या फेरीत बाद होईपर्यंत गुणांत त्याच्या पुढे होता, हेही लक्षात घ्यावे लागते.

निकषाविषयी सर्वाधिक वाद हेवीवेट जगज्जेता रॉकी मार्सियानो याच्याबाबत आहे. तो ४९ लढतींत अपराजित राहिला. परंतु १९५१ मध्ये त्याने हरवलेला लुईस ३७ वर्षांचा, तर १९५२ मध्ये ज्याच्याकडून त्याने विजेतेपद घेतले तो जर्सी जो वॉल्कॉट ३८ वर्षांचा होता. सप्टेंबर १९५५ मधील त्याचा अखेरचा प्रतिस्पर्धी आर्ची मूर याचे जन्मवर्ष मूर स्वतः १९१६ सांगे, तर त्याच्या आईच्या मते ते १९१३ होते. त्यानुसार लढतीच्या वेळी त्याचे वय ३८ किंवा ४१ येते. यांपैकी १९१६ अधिक ग्राह्य वाटते. तथापि मूर तेव्हा लाइट हेवीवेट (हेवीवेटच्या लगतचा हलका) गटाचा विद्यमान जगज्जेता होता आणि त्यानंतरही काही वर्षे त्याने ते पद राखले. त्यामुळे केवळ वयावरून या विजयाचे मोल कमी लेखणे योग्य ठरत नाही. लुईसची गोष्ट वेगळी. त्याचा ऱ्हास १९५० मधील एझर्ड चार्ल्सविरुद्धच्या पराभवातच स्पष्ट झाला होता.

दर्जा ठरवण्यास मानांकनाचा आधार घेतात. १९२२ मध्ये निघालेल्या ‘द रिंग’ या नियतकालिकाची वार्षिक मानांकने साधारणतः १९२० च्या दशकाच्या मध्यापासून मिळतात. तीही निःशंक नाहीत : १९७७ मध्ये एका दूरचित्रवाणी स्पर्धेसाठी त्यातील काही नोंदींत खोटे विजय घातल्याचे उघड झाले आणि स्पर्धा थांबवावी लागली.

न झालेल्या लढतींचा हिशेब मात्र मानांकनातून लागत नाही. सॅम लँगफर्ड आणि हॅरी विल्स या कृष्णवर्णीय योद्ध्यांना हेवीवेट विजेतेपदासाठी लढण्याची संधी कधीच मिळाली नाही. जॅक जॉन्सनने लँगफर्डला १९०६ मध्ये हरवले होते, पण १९०८ मध्ये जगज्जेता झाल्यावर पुन्हा संधी दिली नाही; जॅक डेम्पसी आणि विल्स यांची लढत करार होऊनही झाली नाही. जगज्जेता म्हणून डेम्पसीच्या १९१९ ते १९२६ या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना ही उणीव विजयांच्या यादीइतकीच महत्त्वाची मानावी लागते.