शुगर मेपल की नॉर्वे मेपल? देठ मोडून पाहा

२०१२ साली कॅनडाने २० डॉलरची नवी पॉलिमर नोट काढली. तिच्यावरचं मेपलचं पान पाहून तिथल्या काही वनस्पतितज्ज्ञांनी आक्षेप घेतला : हे आपल्या मातीतलं झाड नव्हे, हे युरोपातून आलेलं नॉर्वे मेपल आहे. अनेक देशी जातींची लक्षणं एकत्र करून हे पान रेखाटलं आहे, असा खुलासा तिथल्या मध्यवर्ती बँकेने केला.

असा वाद होऊ शकतो, कारण तिथलं देशी शुगर मेपल आणि नॉर्वे मेपल यांची पानं खरोखरच सारखी दिसतात. दोन्हींना बहुधा पाच टोकदार खंड, दोन्हींच्या कडा दातेरी नसून सपाट. टोरांटोत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींच्या गल्लीत ही दोन्ही झाडं शेजारी शेजारी असू शकतात.

माझ्या मते पानाच्या आकारावर विसंबूच नये. हिरवं पान तोडा आणि देठ मोडून हलकेच दाबा. रुईसारखा पांढरा चीक आला, तर ते नॉर्वे मेपल. शुगर मेपलचा रस पाण्यासारखा नितळ असतो. उन्हाळ्यात ही खूण सहसा फसवत नाही. युरोपातल्या फील्ड मेपललाही चीक येतो, पण त्याची पानं लहान आणि खंड बोथट असतात.

पानगळीच्या दिवसांत मात्र चीक दिसेलच असं नाही. तेव्हा फांदीच्या टोकाचा डोळा, म्हणजे नवी पालवी फुटते तो मिटलेला कोंब, पाहावा. शुगर मेपलचा डोळा तपकिरी, बारीक आणि अणकुचीदार, तर नॉर्वेचा जाड, गोलसर, हिरवट किंवा तांबूस. झाडाखाली पंखांची जोडफळं पडलेली असतील तर आणखी सोपं. नॉर्वेच्या फळाचे दोन पंख जवळजवळ एका सरळ रेषेत पसरतात. शुगर मेपलचे खाली वळून एकमेकांजवळ येतात.

रंगावरून ओळखायला गेलं की हमखास घोटाळा होतो. भर उन्हाळ्यात जांभळट लाल दिसणाऱ्या झाडाला अनेक जण रेड मेपल म्हणतात. ते बहुतेक वेळा नॉर्वे मेपलचंच ‘क्रिमसन किंग’ नावाचं वाण असतं. खऱ्या रेड मेपलची पानं उन्हाळाभर हिरवी असतात, कडा दातेरी असते आणि दोन खंडांमधली खाच इंग्रजी ‘व्ही’सारखी टोकदार. सिल्व्हर मेपलची पानं खोलवर कापलेली आणि खालून रुपेरी, त्यामुळे तिथे फारसा प्रश्न येत नाही.

ही पारख महत्त्वाची वाटते, कारण शुगर मेपलच्या सुमारे ४० लिटर रसापासून १ लिटर सिरप मिळतं आणि त्यावर तिथल्या कित्येक कुटुंबांचं पोट चालतं. नॉर्वे मेपल मात्र रस्त्याकडेला लावलं गेलं आणि तिथून रानात शिरलं. त्याच्या दाट सावलीत देशी रोपं नीट वाढत नाहीत, त्याची स्वतःची रोपं मात्र तग धरतात. ती उपटून रान मोकळं करायला निघालेल्यांनी आधी प्रत्येक रोपाचं एक पान तोडून पाहावं. त्या वयात शुगर मेपलचं रोपही तसंच दिसतं.