परतीची वायर नसलेली गाडी: जुन्या मोटारींच्या वायरिंगची पार्श्वभूमी

जुन्या गाडीचा एक हेडलाइट पिवळट जळतोय. बल्ब नवा टाकला, बॅटरी चार्ज करून आणली, तरी फरक नाही. मग लोक स्विच बदलतात, वायर बदलतात, आणि दोष मात्र त्या दिव्याची काळी वायर जिथे बॉडीला स्क्रूने आवळलेली असते तिथेच बसून राहतो. तो नेमका तिथे का असतो, हे कळायला शंभरएक वर्षं मागे जावं लागतं.

पहिल्या मोटारींना बॅटरीची फारशी गरजच नव्हती. दिवे रॉकेलचे किंवा अ‍ॅसिटिलीनचे. इंजिन हँडल मारून चालू करायचं आणि ठिणगी मॅग्नेटोतून, म्हणजे चुंबक फिरवून स्वतःच वीज तयार करणाऱ्या यंत्रातून यायची. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये तर मॅग्नेटोची चुंबकं फ्लायव्हीललाच, म्हणजे इंजिनच्या जड फिरत्या चाकालाच जोडलेली होती. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर आला आणि चित्र पालटलं. स्टार्टरला मोठी बॅटरी हवी, बॅटरी भरायला डायनॅमो हवा, आणि वीज गाडीत आलीच आहे तर दिवे, हॉर्न, वायपर सगळे तिच्यावरच.

तांबं आणि मजुरी वाचवायला निर्मात्यांनी प्रत्येक उपकरणाला एकच वायर दिली. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंड. हाच ‘अर्थ’. नवीन गाडीत हे उत्तम चालतं. पण लोखंड गंजतं, त्यावर रंगाचे थर चढतात, आणि हा रस्ता अरुंद होत जातो. म्हणूनच नव्याने रंगवून, चकाचक होऊन आलेल्या गाडीत अर्थचे दोष कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले दिसतात. ज्या जागा कोऱ्या धातूच्या राहायला हव्या होत्या, त्यांच्यावरही रंग बसलेला असतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या जाड पट्टीचं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असल्यामुळे ही पट्टी तुटली की स्टार्टरचा प्रचंड प्रवाह दुसरी वाट शोधतो आणि ती वाट बहुतेक वेळा चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जाते. सेल्फ मारताना चोकची केबल गरम लागली, तर स्टार्टर खोलायच्या आधी ही पट्टी बघा.

गाडी सहा व्होल्टची असेल तर अर्थ आणखी नाजूक. अमेरिकी गाड्या बहुतांशी १९५० च्या दशकात बारा व्होल्टवर गेल्या, फोक्सवॅगन बीटल मात्र १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सहावरच होती. ४५ वॉटचा बल्ब सहा व्होल्टवर साडेसात अँपिअर घेतो, बारावर त्याच्या निम्मे. समजा अर्थच्या जोडात फक्त ०.१ ओहम अडथळा आला, तर सहा व्होल्टच्या गाडीत सुमारे ०.७ व्होल्ट तिथेच जिरतात आणि उजेड साधारण एक तृतीयांशाने घटतो. बारा व्होल्टच्या गाडीत तोच गंज उजेड जेमतेम दहा टक्क्यांनी कमी करतो. सहा व्होल्टची यंत्रणाच कमकुवत, असं म्हणून लोक मोकळे होतात, ते मला पटत नाही. स्वच्छ जोड असलेली सहा व्होल्टची गाडी तिच्या काळाला साजेसा उजेड नक्की देते.

ब्रिटिश गाड्यांत आणखी एक वेगळेपणा. बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असायचं. एमजीबी १९६७ मध्ये ऋण अर्थवर आली, मॉरिस मायनर १९७१ मध्ये बंद होईपर्यंत धन अर्थवरच राहिली. अशा गाडीत आजचा रेडिओ सवयीने जोडला तर तो जळू शकतो. मधल्या काळात कोणी अर्थ उलटा करून घेतलेलाही असतो. त्यामुळे पुस्तकावर न जाता आधी बॅटरीची जाड वायर हाताने शोधत जावं.

त्या गाड्यांचे रंगसंकेत मात्र फार विचारपूर्वक केलेले होते: तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, काळी अर्थची. जर्मन गाड्यांत टर्मिनलवर आकडे असतात. ३० म्हणजे बॅटरी, १५ इग्निशन, ३१ अर्थ. अडचण कापडी विणीच्या जुन्या वायरींची. तेल आणि धुळीने सगळ्याच तपकिरी दिसू लागतात, आणि खरी तपकिरी तर बिनफ्यूजची. मॉरिस मायनरमध्ये फ्यूज दोनच, हेडलाइट त्यांच्यातून जातच नाहीत. म्हणून खरा रंग डॅशबोर्डच्या मागे, गुंडाळीच्या आत बघावा, आणि तोही बॅटरी सोडवूनच.

डायनॅमोच्या गाडीत इंजिन मंद चालताना चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकतो, दिवे मंदावतात. तो दोष नाही, कमी फेऱ्यांवर डायनॅमो पुरेशी वीज देतच नाही. वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या सिलिकॉन डायोडमुळे अल्टरनेटर, म्हणजे कमी फेऱ्यांवरही पुरेशी वीज देणारं यंत्र, मोटारीत बसवणं सोपं झालं आणि १९६० च्या व्हॅलियंटमध्ये क्रायस्लरने तो दिला, तेव्हा ही मर्यादा संपायला लागली. खरी काळजी कटआउटची, म्हणजे डायनॅमो आणि बॅटरी यांना आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची. त्याचे पॉइंट चिकटले, तर बंद गाडीत बॅटरी उलट डायनॅमोतून रिकामी होत राहते.

दोष शोधायची साधनंही जुनीच. टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरी लावलेला साधा बल्ब, आणि ब्रिटनमध्ये १९२३ साली आलेला अ‍ॅव्हो मीटर. टपाल खात्यातल्या डोनाल्ड मॅकेडी या अभियंत्याने अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच डब्यात आणले. फक्त ओहम मोजून मात्र फसगत होते. वायरीतल्या दहा बारीक तारांपैकी एकच शाबूत असली तरी मीटर जोड ठीक दाखवतो, पण दिव्याचा भार त्या एका तारेला पेलत नाही. म्हणून दिवा चालू ठेवूनच मोजायचं.

त्या पिवळट हेडलाइटचंही तसंच. मीटर व्होल्टवर, एक टोक दिव्याच्या अर्थला, दुसरं बॅटरीच्या अर्थच्या टोकाला. सुई अर्ध्या व्होल्टच्या वर गेली, तर दिवा बंद करून स्क्रू काढायचा, खालचा रंग धातू चमकेपर्यंत पॉलिश पेपरने घासायचा, वायरची रिंगही घासायची, पुन्हा घट्ट आवळून वरून ग्रीस लावायचं. दिवा लावून परत मोजलं की सुई शून्यापाशी असते.