रॉसिली उपसागरातील सर्फिंग

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील गॉवर द्वीपकल्पाच्या पश्चिम टोकाला रॉसिली उपसागराची सुमारे ५ किमी. लांबीची सलग पुळण आहे. तिच्या दक्षिणेस वर्म्स हेड आणि उत्तरेस बरी होम्स ही ओहोटीला चालत गाठता येणारी बेटे असून पाठीशी १९३ मी. उंचीची रॉसिली डाउन ही टेकडी आहे. पुळण एकच असली, तरी सर्फिंग (फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत जाण्याचा खेळ) मुख्यतः उत्तरेकडील लॅनगेनिथ गावाच्या बाजूला चालते. रॉसिलीकडून कड्यावरची उभी वाट उतरावी लागते आणि दमल्यावर तीच वाट फळी घेऊन चढावी लागते. लॅनगेनिथला मात्र हिलएंड येथून वाळूच्या टेकड्या ओलांडल्या की पाणी लागते. पूर्वी युरोपीय विजेते ठरलेले सर्फर पीट जोन्स हे याच गावचे.

किनाऱ्याचे तोंड अटलांटिककडे आहे. त्या महासागरात दूरवर उठणाऱ्या वादळांच्या लाटा शेकडो किलोमीटर चालून येतात. वाटेत त्यांतील बारीक खळबळ विरते आणि लांब, एकामागोमाग येणाऱ्या लाटा उरतात. वायव्येच्या लाटा आयर्लंड बराचसा अडवतो. नैर्ऋत्येच्या आणि पश्चिमेच्या लाटा येथवर नीट पोचतात. शरद ऋतू व हिवाळा हा त्यांचा खरा हंगाम.

लाट चांगली असूनही दिवस वाया जाऊ शकतो, तो वाऱ्यामुळे. येथे बहुतेक वेळा वारा नैर्ऋत्येकडून, म्हणजे समुद्रावरून येतो आणि लाटांचे माथे अवेळी मोडतो. पूर्वेचा वारा जमिनीवरून सुटला, तर लाटेची भिंत जरा जास्त वेळ उभी राहते. अशा सकाळी लॅनगेनिथ खऱ्या रंगात येते.

तळ वाळूचा आणि उतार अगदी मंद आहे. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली, की लाट फुटू लागते. उतार मंद असल्याने ती एकदम कोसळत नाही. माथ्यावरून फेस सांडत हळूहळू पुढे सरकते. नवशिक्यांना कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून फेसाळ लाटेवर सराव करता येतो. त्यामुळे शिकण्यासाठी गॉवरमध्ये याहून योग्य जागा क्वचितच सापडेल. मोठ्या दिवशी मात्र हीच रचना कसोटी पाहते. बाहेर जायला ठरावीक खोल वाट नसते, फुटणाऱ्या लाटांच्या रांगांमागून रांगा पार कराव्या लागतात आणि अनेकजण अर्ध्यातूनच परततात. वाळूचे बांधही वादळागणिक सरकतात. मागच्या महिन्यातली उत्तम जागा या महिन्यात तशीच असेल असे नाही.

भरती-ओहोटीचे भान येथे सर्वांत महत्त्वाचे. गॉवरलगतच्या ब्रिस्टल खाडीचा आकार पाण्याला आत दाटवत नेतो, त्यामुळे गॉवरला उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे ८ मी. फरक पडतो. मुंबईत मोठ्या उधाणालाही तो ५ मी.च्या आसपास असतो. पूर्ण ओहोटीला फळी उचलून ओल्या वाळूतून बरेच चालावे लागते. तेव्हा रॉसिलीच्या बाजूला १८८७ मध्ये येथे आपटलेल्या ‘हेल्वेशिया’ या नॉर्वेजियन जहाजाच्या ओकच्या फासळ्याही वाळूतून वर आलेल्या दिसतात.

पाणी हिवाळ्याच्या अखेरीस ८° से.च्या आसपास उतरते. तेव्हा ५ मिमी. जाडीचा वेटसूट (अंगाची ऊब टिकवणारा घट्ट रबरी पोशाख), बूट, हातमोजे आणि टोपी लागते. उन्हाळ्यात ३ मिमी.चा सूट पुरतो. वाळूच्या बांधांमधील फटींतून समुद्राकडे परतणारे पाणी जोराची ओढ निर्माण करते. तिच्यात सापडल्यास तिच्याशी झुंजू नये. फळी न सोडता किनाऱ्याला समांतर जाऊन ओढीबाहेर पडावे. जीवरक्षकांनी लाल-पिवळे निशाण लावलेला भाग पोहणाऱ्यांसाठी असतो, तर काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या निशाणांमधला भाग टणक फळ्यांसाठी.

वादळी पश्चिम वाऱ्यात लॅनगेनिथ खेळण्याजोगे राहत नाही. तेव्हा स्थानिक सर्फर दक्षिणाभिमुख आणि अधिक आडोशाच्या लँगलंड उपसागराकडे वळतात.