वाकवून धरलं की चार्ज होतं

"मामा, वायर जरा डावीकडे वाकवून धरली की होतं चार्ज." भाचीने हे इतक्या सहज सांगितलं, जणू लॅपटॉप वापरायची तीच रीत असावी. वायरला टेकू म्हणून तिने खाली एक वही सरकवून ठेवली होती. मी प्लग जिथे आत जातो तिथे बोट लावलं. ती जागा बाकीच्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी गरम होती.

या उष्णतेचा हिशेब करता येतो. तिच्या लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर ६५ वॉटचा होता. म्हणजे १९ व्होल्ट आणि पूर्ण भारावर ३.४२ अँपिअर. हा सगळा प्रवाह प्लग आणि जॅकमधली, म्हणजे प्लग ज्यात बसतो त्या लॅपटॉपच्या खाचेतली, पत्र्याची छोटी पट्टी यांच्या स्पर्शातून जातो. स्पर्श घट्ट असला आणि तिथला रोध ०.०२ ओहम धरला, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या सूत्राने तिथे पाव वॉटही उष्णता होत नाही. पट्टी सैल पडून रोध अर्ध्या ओहमवर गेला, की तीच उष्णता ६ वॉटच्या जवळ पोचते. सोल्डर, म्हणजे सांधे जोडायचा मऊ धातू, वितळवणाऱ्या २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नचा जवळजवळ चौथा हिस्सा, आणि तोही वाटाण्याएवढ्या जागेत! तापलेल्या पट्टीचा ताण जातो, धातूवर ऑक्साइडचा थर चढतो, रोध आणखी वाढतो आणि वाढलेला रोध आणखी तापवतो. वहीचा टेकू देऊन या दुखण्यावर दिवस काढू नयेत, ते याचसाठी.

पट्टी मुळात सैल होते ती तरफेमुळे. बाहेर डोकावणारा प्लग हा लांब दांडा. वायरीत पाय अडकला की छोटासा झटकासुद्धा आतल्या सांध्यावर मोठा होऊन पोचतो. अ‍ॅपलने २००६ साली चुंबकाने चिकटणारा मॅगसेफ प्लग आणला तो याच झटक्यावर उपाय म्हणून. ओढ बसली की तो सुटून पडतो, जॅकला काही होत नाही.

लॅपटॉप उघडण्याआधी मल्टीमीटरने, म्हणजे व्होल्ट आणि रोध मोजणाऱ्या यंत्राने, अ‍ॅडॉप्टर तपासावा, कारण पुष्कळदा वायरच प्लगजवळ आतून तुटलेली असते. डेल आणि एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्लगच्या मधोमध एक बारीक पिन असते. तिच्यातून वीज येत नाही, अ‍ॅडॉप्टरची ओळख येते. तिचा संपर्क गेला, तर लॅपटॉप अ‍ॅडॉप्टरवर चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही. अशा वेळी लोक बॅटरी गेली असं समजून नवी बॅटरी घेतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

मागचं झाकण उघडलं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढायचा. लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी जिवंत असते आणि स्क्रूड्रायव्हर चुकीच्या जागी टेकला तर शॉर्ट होऊन बोर्ड जळू शकतो. मग जॅक पाहावा. अनेक मॉडेलमध्ये तो छोट्या वायरीसकट वेगळा येतो: एक-दोन स्क्रू काढा, कनेक्टर उपसा, नवा बसवा, संपलं. हे काम घरी कोणीही निवांत करावं. भाचीचा जॅक मात्र थेट मदरबोर्डवर, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डवर, सोल्डर केलेला होता.

सोल्डर म्हणजे धातूचा डिंक नव्हे. ज्यांनी दारात बसलेला कल्हईवाला पाहिला आहे, त्यांना ही रसायनविद्या ओळखीची आहे. तापलेल्या भांड्यात तो नवसागर टाकायचा, धूर उठायचा आणि मग कथील कापसाच्या बोळ्याने फिरवताच चकचकीत पसरायचं. नवसागर तांब्या-पितळेवरचा ऑक्साइड खाऊन टाकतो. उघड्या तांब्याला वितळलेलं कथील भिडलं, की दोघांच्या सीमेवर तांबं आणि कथील यांच्या संयुगाचा अतिशय पातळ थर तयार होतो. कल्हई टिकते ती त्या थरामुळे. मदरबोर्डवरही हेच घडतं, फक्त नवसागराच्या जागी ऑक्साइड काढणारा फ्लक्स असतो, बहुधा राळेपासून केलेला. नवसागर इथे चालत नाही, त्याचे अवशेष नाजूक तांबं खात राहतात.

खरी कसोटी जुना जॅक काढण्याची. त्याची ऋण पिन बोर्डाच्या आत पसरलेल्या तांब्याच्या रुंद थरांना जोडलेली असते. बोर्डातल्या काचतंतूच्या मानाने तांबं हजारपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे आयर्न टेकवून बसलं तरी उष्णता बोर्डभर पळते आणि सांधा वितळत नाही. त्यात युरोपने जुलै २००६ पासून शिशावर बंधन घातल्यावर जगभर बिनशिशाचं सोल्डर रूढ झालं. ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं, तर ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाचं जुनं सोल्डर १८३ अंशांना. म्हणून प्रत्येक पिनेवर आधी फ्लक्स आणि थोडं शिशाचं सोल्डर वितळवून मिसळावं. मिश्रण कमी तापमानाला सैल होतं. आयर्न निदान ६० वॉटचं, तापमान ठरवता येणारं, आणि टोक रुंद हवं. अणकुचीदार टोक इथे कुचकामी, कारण त्यातून पुरेशी उष्णता उतरतच नाही.

तरीही जॅक निघेना, की माणूस ओढतो, आणि बोर्ड मरतो तो तिथेच. पिन ज्या भोकात बसते, त्याच्या आतल्या भिंतीवर तांब्याचा थर असतो, साधारण २५ मायक्रॉनचा, केसाच्या निम्म्याहून पातळ. पिनेबरोबर तो उपटून आला, तर आतल्या थरांशी असलेला संबंध तुटतो. मी जॅकचं प्लास्टिक कटरने तुकडे करून काढलं, मग एकेक पिन स्वतंत्र तापवून चिमट्याने हलकेच उचलली. नवा जॅक तर आणलाच होता, जुन्याची कीव कशाला करायची? त्यानंतर भोकं सोल्डर विकने, म्हणजे वितळलेलं सोल्डर शोषून घेणाऱ्या तांब्याच्या तारांच्या वेणीने, साफ केली आणि नवा जॅक बसवायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

खिडकी उघडी ठेवा. तो धूर शिशाचा नसतो, एवढ्या तापमानाला शिसं वाफ होऊन उडत नाही. तो राळेचा असतो आणि दम्याच्या माणसाला त्रास देतो. शिसं जातं ते हातावाटे, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि तोवर काही खाऊ नये.

लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट असेल, तर मात्र घरी हात घालू नका, असं मी स्पष्ट सांगेन. सव्वाआठ मिलिमीटरच्या तोंडात २४ संपर्क, दोन पिनांत अर्ध्या मिलिमीटरचं अंतर. तिथे गरम हवा फुंकणारं हॉट एअर यंत्र, सूक्ष्मदर्शक आणि सरावाचा हात लागतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ असं काम करणारे कारागीर भेटतात.

बॅटरी जोडण्याआधी मल्टीमीटर कंटिन्यूटीवर, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप वाजते त्या खुणेवर, ठेवून धन आणि ऋण पिनेला लावला. सलग बीप वाजली नाही, म्हणजे शॉर्ट नाही. मग बॅटरी जोडली, झाकण लावलं, अ‍ॅडॉप्टर सुरू केला. अर्ध्या तासाने भाचीलाच बोट लावून पाहायला सांगितलं. "बाकीच्या लॅपटॉपइतकंच लागतंय," ती म्हणाली आणि वही उचलून दप्तरात टाकली.