घरच्या छळाविरुद्ध अर्ज कसा करायचा: कोण करू शकते, कागद कोणते, आणि घटना अहवालात काय लिहायचं

आमची संस्था यवतमाळकडच्या गावांमध्ये बायांसोबत काम करते आणि फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ताई कागद कोणते लागतात. कागदाचं खाली सांगतेच, पण कागद नाहीत म्हणून अर्ज अडत नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात कामाचा जो कागद आहे तो घरून आणायचाच नसतो, तो तुमच्या तोंडून ऐकून तिथंच भरला जातो, त्याला घटना अहवाल म्हणतात, ऑफिसात सगळे डीआयआर म्हणतात. तो नीट भरला गेला तर वकिलाच्या हातात काहीतरी राहते, आणि दोन ओळीत उरकला तर पुढं तारखांवर तारखा होतात आणि समोरचा वकील विचारते की बाई हे तर तुम्ही तेव्हा लिहिलंच नव्हतं.

कायदा म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. लोक याला आणि ४९८-अ ला एकच समजतात. ४९८-अ म्हणजे पोलीस केस, गुन्हा, १ जुलै २०२४ पासून नवीन न्याय संहितेत तेच कलम ८५ झालं. हा आपला अर्ज वेगळा आहे, यात तुम्ही मॅजिस्ट्रेटकडे मागता की मारहाण थांबवा, मला घरात राहू द्या, खर्चाला पैसे द्या, लेकरं माझ्याजवळ द्या. नुसत्या अर्जावर कोणाला अटक होत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बाया हेच म्हणतात, "मले त्याले जेलात नाही टाकाचं वो ताई, फक्त मारनं बंद व्हावं", त्यांच्यासाठी हाच रस्ता आहे. आणि पोलीस केस पण करायची असली तर दोन्ही सोबत चालते, एक केलं म्हणून दुसरं बंद होत नाही.

कोण अर्ज करू शकते

फक्त बायकोच नाही. एका छताखाली राहिलेली किंवा राहत असलेली कोणतीही बाई, म्हणजे मुलगी, बहीण, आई, सून, विधवा भावजय, लग्नासारखं सोबत राहणारी बाई. म्हातारी माय, जिला पोरगा वावर नावावर करून दे म्हणून मारते, ती पण करू शकते, फक्त आपल्याकडे माय पोराविरुद्ध बोलत नाही ही गोष्ट वेगळी. घटस्फोट झाला असेल तरी आधीच्या छळाबद्दल अर्ज करता येते. कोणाविरुद्ध, तर नवरा आणि त्याच्या घरचे, माय नाहीतर मुलगी असेल तर तिच्याच घरचे, आणि सासू नणंद यांच्याविरुद्ध पण चालते, २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं ते पक्कं झालं. जात, धर्म, उत्पन्न याची काहीच अट नाही.

विधवांचं जरा थांबून सांगते कारण आपल्या भागात हे फार आहे. शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केली, सरकारची १ लाखाची मदत मंजूर झाली, आणि तेरवी होत नाही तोवर सासरचे तिला माहेरी धाडून देतात, पैसा इथं, वावर इथं, तू जाय. तिला वाटते आता नवराच नाही तर कायदा कसला. असं नाही. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका विधवेच्याच प्रकरणात सांगितलं की त्या घरात राहण्याचा तिचा हक्क जात नाही, अर्जाच्या वेळी ती प्रत्यक्ष तिथं राहत नसली तरीही. घर सासऱ्याच्या नावावर आहे हे कारण पण आपोआप चालत नाही, २०२० च्या निकालानं ते ठरलं आहे, जिथं ती नवऱ्यासोबत नांदली ते घर सासऱ्याचं असलं तरी सामाईक घर धरता येते. हे राहण्याचं झालं बरं का, मालकीचं नाही. वावरात हिस्सा पाहिजे असेल तर तो दावा वेगळा, यात मिसळू नका.

कुठं जायचं

संरक्षण अधिकारी हा महिला व बाल विकास विभागाचा माणूस, अर्ज घेणं, अहवाल भरणं, कोर्टात पाठवणं हे त्याचं काम. त्याचं ऑफिस कुठं हे अंगणवाडी ताईला विचारा, नाहीतर पोलीस स्टेशनला, पोलिसांनी ते सांगायचं असते हे कायद्यातच लिहून आहे. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लावला तरी सांगतात. नोंदणी झालेली सेवा देणारी संस्था पण घटना अहवाल भरू शकते. थेट कोर्टात वकिलामार्फत अर्ज टाकला तरी चालते, अहवाल नसला तर कोर्ट हात वर करू शकत नाही, पण असलेला बरा. आणि बाई स्वतः निघू शकत नसेल तर शेजारीण, आशा, भाऊ, कोणीही कळवू शकते, चांगल्या हेतूनं कळवलं तर त्याच्यावर काही येत नाही.

आता मारून राहिला असेल तर मात्र अर्ज बिर्ज सोडा, ११२ लावा. रात्री घराबाहेर काढलं आणि जायला जागा नाही तर जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथं ५ दिवसापर्यंत राहता येते, दवाखाना, समुपदेशन, पोलीस, वकील सगळं तिथून लावून देतात. सोबत मोठा मुलगा असेल तर ठेवतील का ते फोनवर आधी विचारून घ्या, तिथं जाऊन अडचण होते.

अजून एक, अर्ज सासरच्याच तालुक्यात टाकावा लागते असं नाही. तुम्ही आत्ता जिथं राहता, तात्पुरत्या का होईना, तिथल्या कोर्टात चालते. म्हणजे लग्न चंद्रपूरकडे झालं आणि तुम्ही माहेरी पांढरकवड्याला आल्या तर इथंच. प्रत्येक तारखेला सासरच्या गावी जायचं म्हटलं तर एसटीत बायांना अर्धं तिकीट असूनही मजुरी बुडते, आणि तिथं भासरे आणि नणंदा कोर्टाबाहेर उभ्याच असतात.

घटना अहवाल भरताना

इथं मात्र घाई करू नका. नमुना १ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आर्थिक, आणि हुंड्यासाठीचा छळ असे भाग आहेत, प्रत्येकात खुणा करायच्या आणि कधी, कुठं, कोणी, कसं हे लिहायचं. बाया काय करतात, "मारते" एवढं सांगून गप्प होतात. भरून घेणाऱ्याला पण दुपारची घाई असते, तो लिहून टाकते, नवरा दारू पिऊन मारहाण करतो, झालं. हा अहवाल कोणाच्याच कामाचा नाही.

तारखा आठवत नाहीत हे तर सगळ्यांचंच असते. आमच्याकडे बोलणं साधारण असं चालते:

"शेवटचं कधी मारलं?"
"आता तारीख कायची आठवते वो ताई, नेहमीचंच हाये."
"पोळ्याच्या आधी का नंतर?"
"पोयाच्या करीलेच त. मटन आनलं, पेला, अन मीठ जास्त झालं मने."
"कायनं मारलं?"
"तुतारीनं, बैल हाकाच्या काठीनं. हे पाहा, दंडावर."

झाली तारीख. कर म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, तो कॅलेंडरवर सापडते. तसंच सोयाबीन निघाल्यावर, कापसाचा पहिला वेचा झाला तेव्हा, पोरीचं शाळेत नाव टाकलं त्या आठवड्यात, दवाखान्याच्या चिठ्ठीच्या आदल्या दिवशी. असं धरत धरत पहिला प्रसंग, सगळ्यात वाईट प्रसंग आणि शेवटचा प्रसंग एवढे तीन तरी पूर्ण लिहून घ्या. आणि तुतारीनं मारलं तर तुतारीनंच लिहा, "वस्तूने मारहाण" असं लिहू देऊ नका.

आर्थिकचा रकाना तर बहुतेक वेळा कोराच जाते, कारण बाईला तो छळ वाटतच नाही. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला आणि मजुरी नवऱ्यानं शेतमालकाकडून परस्पर उचलली, लाडक्या बहिणीचे १५०० आले की एटीएम कार्ड त्याच्याजवळ, बचत गटाचं कर्ज हिच्या नावावर आणि पैसा त्यानं उडवला, लग्नातली पोत गहाण टाकली, घरात किराणा नाही, लेकराच्या औषधाला दहा ठिकाणी हात पसरावा लागते, हे सगळं कायद्यात आर्थिक छळ आहे. खर्चाचे पैसे मागायचे ते याच रकान्याच्या भरवशावर, म्हणून इथं आकडे टाका, किती मजुरी, किती कर्ज, कोणता दागिना किती ग्रॅमचा. लैंगिकचा रकाना बायांना बोलायला जड जाते, समोर पुरुष अधिकारी असेल तर सरळ म्हणा की बाई कर्मचाऱ्याजवळच सांगतो.

दारूचं पण एक सांगते. वर्ध्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली, आणि बंदी असो का नसो, "पेला नसला त लय चांगला माणूस हाये" हे वाक्य सगळीकडे ऐकू येते. असेलही. अहवालात दारूचा उल्लेख करा, पण त्यावरच सगळं ढकलू नका, नाहीतर तो म्हणते सोडतो दारू, आणि विषय तिथंच मिटवल्या जाते.

शेवटी काय मागायचं त्याच्या खुणा असतात, संरक्षण, राहणं, खर्च, लेकरांचा ताबा, नुकसानभरपाई. लागते ते सगळं मागा. वाचून दाखवायला लावा, मगच सही अंगठा, आणि तुमची प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका, ती फुकट मिळते.

कागद

आधार किंवा कोणतंही ओळखपत्र. लग्नाचं सर्टिफिकेट खेड्यात कोणाजवळ नसतेच, मग लग्नपत्रिका, फोटो, राशन कार्डावरचं नाव, लेकरांचे जन्मदाखले किंवा शाळेचा दाखला ज्यात बापाचं नाव आहे, यातलं जे असेल ते. मार लागल्यावर दवाखान्यात गेल्या असाल तर ती चिठ्ठी, आणि पुढच्या वेळी गेल्या तर "पडली" म्हणू नका, डॉक्टरला खरं सांगून लिहायला लावा. अहवाल झाला नाही म्हणून दवाखाना उपचार नाकारू शकत नाही. पोलिसात आधी एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, केली असेल तर तिचा नंबर. दागिने भांड्यांची यादी, पावत्या नसल्या तरी हातानं लिहिलेली चालते. नवऱ्याच्या कमाईसाठी सातबारा, आठ-अ, तो नोकरीवर असेल तर पगाराचं काही, ट्रॅक्टर असेल तर त्याचा नंबर. सातबारा तर ऑनलाइन निघते, त्यासाठी सासरी जायची गरज नाही. २०२० पासून खोरकीच्या, म्हणजे पोटगीच्या, प्रकरणात दोघांनाही मिळकतीचं शपथपत्र द्यावं लागते, म्हणजे तो "माह्याजवळ काहीच नाही" म्हणाला तरी कागदावर लिहून द्यावं लागेल, आणि तुमच्याजवळचा सातबारा तेव्हा कामी येते. फोनमधले मेसेज, रेकॉर्डिंग डिलीट करू नका, भावाच्या नाहीतर मैत्रिणीच्या फोनवर पाठवून ठेवा.

आणि एक कागद बाया फेकून देतात. तंटामुक्ती समितीत किंवा पोलीस पाटलासमोर मिटवलं असते, बाँड पेपरवर नवऱ्यानं लिहून दिलं असते की यापुढं मारणार नाही. तंटामुक्तीनं माणूस सुधारला अशी उदाहरणं मी कमीच पाहिली, पण तो बाँड म्हणजे त्यानं आधी मारलं होतं हे त्याच्याच सहीनं कबूल आहे. जपून ठेवा. तिथं मिटलं म्हणून कोर्टाचा रस्ता बंद होत नाही.

कोर्टात

वकील फुकट मिळते, बाईला यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, तिथं साधा अर्ज द्यायचा, नाहीतर १५१०० वर विचारा. कायद्यात पहिली तारीख साधारण ३ दिवसात आणि निकालाचा प्रयत्न ६० दिवसात असं लिहून आहे. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त लागते, म्हणून पहिल्याच दिवशी अंतरिम आदेशाचा अर्ज शपथपत्रासह लावायला सांगा, प्रकरण गंभीर वाटलं तर समोरच्याला न ऐकता पण मॅजिस्ट्रेट तसा आदेश देऊ शकतात. हा अर्ज लावायचा राहिला की सगळं लांबते, वकिलाला दोनदा विचारा लावला का म्हणून. मधात कोर्ट समुपदेशनाला पाठवू शकते, तिथं जा, पण तडजोड करायलाच पाहिजे असं कोणी म्हणत असेल तर ते ऐकायचं बंधन नाही.

आदेश झाला की प्रत फुकट मिळते, पोलीस स्टेशनला पण जाते. तुमची प्रत सासरच्या पेटीत ठेवू नका, माहेरी ठेवा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. संरक्षणाचा आदेश असून परत मारलं किंवा धमकी दिली तर मात्र तो गुन्हा आहे, दखलपात्र आणि अजामीनपात्र, १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, तेव्हा पोलीस "घरचं भांडण आहे" म्हणून परत पाठवू लागले तर आदेशाचा कागद पुढं करा आणि संरक्षण अधिकाऱ्यालाही लगेच कळवा. पैसे देत नसेल आणि तो पगारदार असेल तर पगारातून थेट कापून द्या असा आदेश मागता येते. शेतकरी, मजूर असेल तर वसुलीचा अर्ज वेगळा टाकावा लागते, थकलेल्या महिन्यांचा हिशोब वहीत लिहून ठेवा, तोच तिथं विचारतात. आदेश मनासारखा नसेल तर सेशन कोर्टात अपील करायला ३० दिवस असतात, वकिलाच्या भरवशावर न राहता ती तारीख स्वतः मोजा.