पॅथोफिजिओलॉजी, परिचर्या शिक्षणातील

(विकृतिशरीरक्रियाविज्ञान). आजारात शरीराचे नेहमीचे व्यापार कसे बिघडतात आणि तो बिघाड सावरण्यासाठी शरीर काय करते, याचा अभ्यास. ताप का चढला, लघवी का कमी झाली, पाय का सुजले, या प्रश्नांची उत्तरे इथे मिळतात. परिचारिकेसाठी या विषयाचे सर्वांत मोठे मोल असे, की शरीर बिघाड झाकून ठेवते त्या तासांत तो ओळखायला ती शिकते. डॉक्टर राउंडला येऊन जातात. नाडी, श्वास आणि लघवीचे माप दिवसरात्र परिचारिकेच्याच हाती असते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात पहिल्या सत्रात शरीररचना आणि शरीरक्रिया येतात. तिसऱ्या व चौथ्या सत्रांत औषधशास्त्राच्या जोडीने विकृतिशास्त्र शिकवतात आणि चौथ्यात त्याला आनुवंशिकीची जोड मिळते. जी.एन.एम. या परिचर्या पदविकेच्या विद्यार्थ्यांना हा भाग मेडिकल-सर्जिकल नर्सिंगमधूनच भेटतो. केस स्टडीच्या वहीत मात्र पॅथोफिजिओलॉजीची जागा सगळ्यांना भरावी लागते. ती पुस्तकातून जशीच्या तशी उतरवली जाते, हे या शिक्षणातले मोठे दुखणे आहे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचे महापालिका रुग्णालय अशा ठिकाणी पावसाळ्यात जे आजार दाखल होतात, त्यांच्यावरून हा विषय कितीतरी चांगला समजतो.

पायाभूत कल्पना. जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो यांनी १८५८ मध्ये आजाराचे मूळ पेशीत शोधावे असे मांडले. फ्रान्सचे क्लोद बेर्नार यांनी त्याच शतकात पेशींभोवतीच्या द्रवाचे, म्हणजे शरीराच्या आतल्या वातावरणाचे स्थैर्य हा जगण्याचा आधार असल्याचे दाखवले. अमेरिकी शरीरक्रियातज्ज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२० च्या दशकात या स्थैर्याला होमिओस्टॅसिस हे नाव दिले. रक्ताचा सामू (पीएच) ७.३५ ते ७.४५, पोटॅशियम लिटरमागे ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट या मर्यादा पाठ करताना विद्यार्थी याच कल्पनेचे आकडे पाठ करत असतात.

पेशीला प्राणवायू कमी पडला की ऊर्जा तयार होणे मंदावते. ऊर्जेवर चालणारा सोडियम-पोटॅशियम पंप अडखळतो, सोडियम आत साठते, त्यामागोमाग पाणी शिरते आणि पेशी फुगते. इथपर्यंत परत फिरता येते. हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा पूर्ण बंद झाला तर साधारण अर्ध्या तासात पेशी मरायला लागतात. मेलेल्या पेशींतले ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात उतरते, पण चाचणीत दिसण्याइतके वाढायला काही तास जातात. म्हणून छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा पहिला रिपोर्ट चांगला आला तरी काही तासांनी पुन्हा रक्त घेतात. नातेवाईक विचारतात, ‘सिस्टर, परत कशाला टोचता?’ त्यांना द्यायचे उत्तर हेच आहे.

भरपाई, म्हणजे बिघाड सावरण्याची शरीराची धडपड. या विषयात एकच गोष्ट खोलवर शिकायची असेल तर ती ही. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. लोकलमधून पडलेल्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडून आतल्या आत रक्त साठले, किंवा बाळंतपणानंतर स्राव थांबेना, की मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाबसंवेदकांना ते लगेच कळते. हृदयाचे ठोके वाढतात. त्वचेकडे, आतड्याकडे आणि मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उरलेले रक्त मेंदू व हृदयाकडे वळते. ढोबळमानाने ३० टक्के, म्हणजे जवळजवळ दीड लिटर रक्त जाईपर्यंत वरचे बीपी नेहमीसारखेच राहू शकते. त्या वेळी नाडी शंभरावर असते, हातपाय गार पडतात, वरच्या-खालच्या बीपीतले अंतर कमी होते, श्वास वाढतो आणि लघवी कमी होते. रुग्ण उगाचच अस्वस्थ वाटतो, सारखी कूस बदलतो. बीपी कोसळते तेव्हा भरपाईची ताकद संपत आलेली असते.

या सगळ्यात श्वासाची गती सर्वांत दुर्लक्षित आहे. ऊतींना प्राणवायू कमी पडला की लॅक्टिक आम्ल वाढते आणि ते निस्तरण्यासाठी शरीर जोराने कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू लागते. म्हणून श्वास बहुधा बीपीच्या आधी बदलतो. तरीही टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वास यांच्या तक्त्यावर) रुग्णामागून रुग्णासमोर २० हाच आकडा लिहिलेला आढळतो. श्वास पूर्ण एक मिनिट मोजला पाहिजे, आणि आपण मोजतो आहोत हे रुग्णाला जाणवू न देता.

काही रुग्णांत भरपाईच फसवी असते. लहान मुले बराच वेळ तग धरतात आणि मग अचानक ढासळतात. गरोदरपणाच्या अखेरीस रक्ताचे आकारमान ४० टक्क्यांच्या आसपास वाढलेले असते, त्यामुळे बाळंतिणीचा रक्तस्राव उशिरा लक्षात येतो. बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती आवरणारे औषध) घेणाऱ्या आजोबांची नाडी वाढतच नाही. मधुमेहात मज्जातंतू बोथट झालेले असले तर हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊन जातो.

डेंग्यू. ठाणे-नवी मुंबईत पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत वॉर्ड डेंग्यूने भरतात. पॅथोफिजिओलॉजी शिकवायला याहून चांगला आजार क्वचितच मिळेल, कारण त्याबद्दलची लोकांची समजूत आणि शरीरातली प्रत्यक्ष घडामोड यांत मोठे अंतर आहे. नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘प्लेटलेट किती आहेत?’ गंभीर डेंग्यूत जीवाला मुख्य धोका असतो तो रक्तद्रवाच्या गळतीचा. केशवाहिन्यांचे अस्तर सैल पडते, त्यातून द्रव आणि प्रथिने बाहेर झिरपतात आणि फुफ्फुसाभोवती, पोटात साठतात. रक्तवाहिन्यांत उरलेले रक्त दाट होते, म्हणून हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचे प्रमाण) चढते. मूळ पातळीपेक्षा २० टक्क्यांची वाढ ही गळतीची ठोस खूण मानतात.

घात करते ती या गळतीची वेळ. ती बहुधा आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरताना सुरू होते आणि २४ ते ४८ तास टिकते. घरचे म्हणतात, ताप गेला, आता घरी नेतो. त्याच दिवशी पोट दुखणे, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, कमालीची मरगळ किंवा तगमग दिसली तर परिचारिकेने ताबडतोब डॉक्टरांना बोलवायला हवे. रक्तवाहिन्या आकसल्याने खालचे बीपी वर सरकते आणि वरचे तिथेच राहते. १००/८० हे माप घाईत ठीक वाटते, पण दोहोंतले २० चे अंतर म्हणजे शॉकचा, ऊतींना पुरेसे रक्त न पोचण्याच्या अवस्थेचा, उंबरठा आहे. रक्तस्राव नसेल तर राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार प्लेटलेट १०,००० च्या खाली जाईपर्यंत केवळ आकड्यासाठी त्या चढवायच्या नसतात. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन टाळतात, कारण ती प्लेटलेटच्या कामातच अडथळा आणतात.

पुढचा टप्पा तितकाच नाजूक आहे. गळती थांबली की बाहेर गेलेला द्रव ४८ ते ७२ तासांत आपणहून रक्तात परततो. सलाईन आधीच्याच वेगाने सुरू राहिली तर फुफ्फुसात पाणी होऊन रुग्णाला धाप लागते. कालपर्यंत ज्या सलाईनने जीव वाचवला तीच आज बंद का करायची, हे इनटेक-आउटपुट चार्ट (शरीरात गेलेल्या व बाहेर पडलेल्या द्रवाचा तक्ता) भरणाऱ्या विद्यार्थ्याला सांगता आले, तर विषय त्याला समजला असे खुशाल म्हणावे.

लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, त्वचेवरच्या जखमेवाटे किंवा डोळ्या-तोंडाच्या अंतस्त्वचेवाटे जंतू शिरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई परिसरात त्याची मोठी साथ आली. तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेल्याला तापाबरोबर ‘पायाला जखम होती का’ हे तेव्हापासून आवर्जून विचारले जाते. पोटऱ्या विलक्षण दुखणे आणि डोळे लाल होणे ही त्याची ओळख. मूत्रपिंड बिघडले की पोटॅशियम वाढते असे विद्यार्थी शिकलेले असतात; लेप्टोत मात्र लघवी भरपूर होत असूनही मूत्रपिंड निकामी होत असते आणि पोटॅशियम पुष्कळदा कमी निघते, कारण नलिकांना क्षार राखता येत नाहीत. थुंकीत रक्त दिसले तर तो फुफ्फुसातला रक्तस्राव असू शकतो, आणि तो काही तासांत जीव घेतो.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या वायुगळतीच्या रुग्णांतही असाच विचार लागतो. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून डोळे, नाक आणि घसा तत्काळ भाजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड कमी विरघळतात आणि खोलवर जातात. रुग्ण सुरुवातीला बरा दिसतो आणि काही तासांनी त्याच्या फुफ्फुसात पाणी होते. त्याला निरीक्षणाखाली ठेवतात ते यासाठी.

भरपाई उलटते तेव्हा. हृदय अशक्त झाले की मूत्रपिंडाला रक्त कमी पोचते. रक्त वाहून गेले असावे असे समजून ते रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते आणि त्यापासून सुरू झालेली साखळी मीठ-पाणी धरून ठेवते व रक्तवाहिन्या आकसवते. रक्तस्रावात जी युक्ती तारते, तीच इथे थकलेल्या हृदयावर ओझे टाकते. पायावर सूज दिसण्याआधी दोन-तीन किलो पाणी साठलेले असू शकते. म्हणून रोज सकाळी, लघवीनंतर आणि न्याहारीपूर्वी, एकाच काट्यावर वजन घेतात.

आनुवंशिकीचे सर्वांत जवळचे उदाहरण ठाणे जिल्ह्यातल्या उल्हासनगरात आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून हे शहर वाढले, आणि सिंधी समाजात बीटा थॅलेसीमियाचे (हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचे) वाहक तुलनेने जास्त आहेत. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसीमिया मेजर, म्हणजे या आजाराचे गंभीर रूप, होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जाते आणि जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. ते हृदय, यकृत आणि अंतःस्रावी ग्रंथींत साचते. त्यामुळे लोह काढणारे औषध हे रक्त चढवण्याइतकेच उपचाराचा भाग आहे. गोळ्या चुकवणाऱ्या मुलाला आणि त्याच्या आईला हे सांगायचे काम बहुतेक वेळा डे-केअरमधल्या परिचारिकेकडे येते.