नळीतला पीळ आणि गोळीची लांबी

1955 साली अमेरिकेत दोन नवी काडतुसं बाजारात आली: विंचेस्टर कंपनीचं .243 आणि रेमिंग्टन कंपनीचं .244. नावं वेगळी, पण गोळीचा व्यास दोन्हींत एकच, 0.243 इंच. रेमिंग्टनच्या काडतुसात दारू थोडी जास्त मावायची, त्यामुळे कागदावर तेच सरस होतं. तरी गिऱ्हाईक विंचेस्टरकडे वळलं.

याचं कारण रायफलच्या नळीत होतं. नळीच्या आतल्या बाजूला नागमोडी नव्हे, तर स्क्रूसारखे फिरत जाणारे आटे कोरलेले असतात. ते किती अंतरात एक पूर्ण वेढा घेतात, त्याला पीळ म्हणू. इंच जितके कमी, तितका पीळ जास्त. विंचेस्टरचा पीळ 10 इंची होता, रेमिंग्टनचा 12 इंची. रेमिंग्टनने हिशेब केला होता तो 75 आणि 90 ग्रेनच्या गोळ्यांचा, म्हणजे मुख्यतः लहान उपद्रवी प्राणी टिपण्याचा. (एक ग्रेन म्हणजे साधारण 65 मिलिग्रॅम.) सामान्य शिकाऱ्याला मात्र एकच बोल्ट-अॅक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट, म्हणजे नळीमागचा दांडा, मागेपुढे करायची) रायफल घ्यायची होती आणि तिच्यातून हरणासाठी 100 ग्रेनची गोळीही झाडायची होती. 12 इंची पिळात त्या वजनाच्या टोकदार गोळीचा भरवसा वाटेना. 1963 मध्ये रेमिंग्टनने तेच काडतूस ‘6 मिमी रेमिंग्टन’ या नावाने, 9 इंची पीळ देऊन पुन्हा आणलं. तोवर .243 ने बाजार काबीज केला होता.

असं का होतं? टोकदार गोळीचा गुरुत्वमध्य मागच्या, जाड भागाकडे असतो आणि हवेचा दाब एकवटतो तो त्याच्या पुढे. त्यामुळे हवा सतत गोळीचं नाक उलटवायला बघते. तिला सरळ ठेवतं ते स्वतःभोवतीचं फिरणं. भोवरा जोरात फिरतो तोवर पडत नाही, तसंच. सेकंदाला 3000 फूट वेगाची गोळी 12 इंची पिळातून सुटली तर ती सेकंदाला 3000 गिरक्या घेते. 9 इंची पिळातून सुटली तर 4000. पीळ कमी पडला की गोळी डुलू लागते, अगदीच कमी पडला तर आडवी होते. मग कागदी लक्ष्यावर गोल भोकाऐवजी लांबट फट दिसते.

इथे खरा प्रश्न वजनाचा नाही, लांबीचा आहे. व्यास तोच ठेवून वजन वाढवायचं तर गोळी लांबच करावी लागते, म्हणून सगळे ‘जड गोळीला जास्त पीळ’ असं म्हणतात. पण 100 ग्रेनची गोल नाकाची गोळी टोकदार गोळीपेक्षा आखूड असते आणि तिला पीळ कमी लागतो. गोळ्यांच्या डबीवर वजन ठळक छापतात, लांबी बहुधा छापतच नाहीत, हे मला फार खटकतं.

लंडनमधल्या वूलिच इथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या आल्फ्रेड ग्रीनहिल यांनी 1879 मध्ये किती इंची पीळ लागेल हे काढायचं एक सोपं सूत्र दिलं. व्यासाच्या वर्गाला 150 ने गुणायचं आणि गोळीच्या लांबीने भागायचं. सगळी मापं इंचांत. वेग बराच जास्त असेल तर 150 च्या जागी 180 घेतात. 0.243 इंच व्यासाची गोळी 1.05 इंच लांब असेल तर 180 घेऊन उत्तर येतं सुमारे 10 इंच. लांबी 0.85 इंच असेल तर साडेबारा. विंचेस्टर आणि रेमिंग्टन यांच्यातला सगळा फरक या दोन आकड्यांत दिसतो.

हवाही यात भाग घेते. थंड हवा दाट असते, ती गोळीला जास्त जोराने उलटवते. अमेरिकन लष्कराच्या एम-16 रायफलीच्या सुरुवातीच्या नळ्यांत 14 इंची पीळ होता. 55 ग्रेनच्या गोळीला तो एरवी जेमतेम पुरायचा, पण कडाक्याच्या थंडीतल्या चाचण्यांत नेम बिघडला आणि पीळ 12 इंची करावा लागला. म्हणून सूत्राच्या उत्तरापेक्षा थोडा जास्तच पीळ घ्यावा, असं माझं मत. फार जास्त पिळाचे तोटेही आहेत: गोळीच्या घडणीतला बारीक असमतोल नेमात उतरतो आणि पातळ कवचाची हलकी गोळी अतिवेगाने फिरून हवेतच फुटू शकते. तरी अपुरा पीळ हा त्याहून मोठा दोष.

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारातल्या .22 काडतुसाची गोळी 40 ग्रेनची, आखूड आणि गोल नाकाची असते. तिला 16 इंची पीळ पुरतो.

रायफल जुनी असेल आणि नळीवर पीळ कोरलेला नसेल, तर तो मोजता येतो. आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करायची आणि बोल्ट काढून ठेवायचा. मुठीत मोकळी फिरणारी साफसफाईची सळई घ्यायची, टोकाला कापडाचा घट्ट बोळा लावायचा आणि तो आट्यांत बसेपर्यंत आत सरकवायचा. सळईवर वरच्या बाजूला एक खूण करून हळूहळू ढकलत राहायचं. खूण एक फेरा पूर्ण करून पुन्हा वर आली की सळई किती आत गेली ते मोजायचं. तोच पीळ.

हे मोजमाप आता आणखी गरजेचं झालं आहे. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे, म्हणून तिथले शिकारी तांब्याच्या गोळ्या वापरतात. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब होते. ज्यांच्याकडे .22-250 या काडतुसाच्या, 14 इंची पिळाच्या जुन्या रायफली आहेत, त्यांना गोळीचं वजन उतरवावं लागतं, नाहीतर नळी बदलावी लागते.